पेटीची आतली बाजू

थोरल्यानं झाकणावर पेन्सिल टेकवली आणि टोक तिथंच मोडलं.

"परत सांगा."

बाईनं परत सांगितलं. नवऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव. आवाज बसलेला, पण शब्द स्वच्छ. ऐकण्यात चूक व्हायला कुठं जागाच नव्हती.

ह्या घरात गेलं वर्षभर ते नाव रोज घेतलं जात होतं. कधी वकिलाच्या फोनवर, कधी शिवी हासडून. गावाबाहेरच्या वळणावर ज्या ट्रकनं आईला चिरडलं, तो ट्रक चालवणाऱ्याचं नाव.

आता चूक कुणाची म्हणाल तर कुणाचीच नाही, आणि काढायचीच झाली तर खुद्द आईची. ह्या शवपेट्यांच्या कारखान्याला नियम तिनंच घातलेला, आधी माप, मग नाव. बाप होता तोवर उलटं होतं. दारात कुणी रडत आलं की बाप पहिलं विचारायचा, कोण गेलं? नाव मोठं असलं की मागच्या खोलीतलं चांगलं लाकूड बाहेर यायचं. नाव लहान असलं की मोडक्या खोक्यांच्या फळ्या. बाप गेल्यावर रंधा आईच्या हातात आला, तो सुखासुखी आला नाही. तर पहिल्याच दिवशी तिनं पोरांना बजावलं, माप घ्यायचं, लाकूड कापायचं, पेटी उभी करायची, आणि झाकणावर लिहायची वेळ आली की मगच तोंड उघडून नाव विचारायचं. "नाव कळलं की हात बदलतो," ती म्हणायची. "हात बदलायच्या आत काम उरकून घ्या, मेल्यांनो."

म्हणून सकाळी ही बाई आली तेव्हा थोरल्यानं काही विचारलं नाही. तिच्या हातात सुतळी होती, सुतळीला गाठ. गाठीपर्यंत माणूस. दुपारी पुरायचंय, खड्डा खणून तयार आहे, एवढं ती बोलली. थोरल्यानं सुतळी फळीवर ताणली, बायकोला आत ओरडून चहा सांगितला आणि करवत चालू केली. बाजू जोडल्या, तळ ठोकला, झाकण कापलं. चांगलं काम चाललं होतं. चांगलं चाललंय असं त्याला स्वतःलाच वाटत होतं, आणि आता त्याच गोष्टीचा त्याला सगळ्यात जास्त राग आला.

"तुम्ही जरा बाहेर बसा," तो म्हणाला. "अंगणात. बाकावर."

बाई गेली. दाराजवळ कड्यांना पॉलिश करत बसलेला धाकटा उठला. हातातलं फडकं त्यानं असं खाली ठेवलं, जसं काही ते फुटेल.

"दादा, मी ऐकलं ते बरोबर ऐकलं?"

"हो."

"मग उभा काय राहिलास? फोड ती पेटी."

"जरा थांब."

"थांब? वर्षभर थांबलोच की! तारखेवर तारीख, तारखेवर तारीख, आणि आता हा मेला, आणि आपण त्याला पेटी देणार? आपल्या आईच्या हातचं लाकूड आहे ते. तिनं स्वतः निवडून आणून वाळत घातलेलं. त्याच लाकडात हा झोपणार?"

"मला माहीत होतं का? मी नियमानं केलं."

"नियम गेला खड्ड्यात!"

"ओरडू नकोस, बाहेर बाई बसलीय."

"ऐकू दे ना! ऐकायलाच पाहिजे तिनं!"

आवाज ऐकून मामा जिना उतरून खाली आले. आईचे धाकटे भाऊ, कारखान्याच्या माडीवर राहायचे, चर्चच्या पंचकमिटीवर होते आणि ते कमिटीवर आहेत हे कुणाला विसरू द्यायचे नाहीत. रविवारी आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला त्यांनीच भाषण केलं होतं. माझी बहीण म्हणजे मेणबत्ती, स्वतः जळली, चकार शब्द बोलली नाही, ज्या थोरल्या दिरानं तिची हत्यारं रस्त्यावर फेकली त्यालाही तिनं हसत हसत माफ केलं. लोकांनी डोळे पुसले. पोरं मान खाली घालून बसली होती, आणि धाकटा कानात बोलला होता, "मामा कुणाबद्दल बोलतायत रे?"

मामांनी काय झालं ते थोरल्याकडून ऐकून घेतलं, तेवढ्यात धाकटा फोन घेऊन मागच्या दारी जाऊन आला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"क्षमा," ते म्हणाले.

"झालं सुरू," धाकटा म्हणाला.

"बाळ्या, ही परीक्षा आहे. प्रभू बघतोय. आत्ता तुमची आई असती तर हसत हसत—"

"मामा, तुम्ही येणार का मग?" थोरल्यानं विचारलं.

"कुठं?"

"पुरायला. चार खांदे तरी लागतील. बाईबरोबर कोण दिसत नाही. तुम्ही पंच आहात. दोन शब्द बोला तिथं क्षमेवर."

मामांनी परत चष्मा काढला. "माझे गुडघे," ते म्हणाले. "आणि लोक काय म्हणतील, सख्ख्या बहिणीला ज्यानं मारलं त्याच्या... नाही, नाही. क्षमा मनात करायची असते. जायला कशाला पाहिजे?"

"म्हणजे पेटी आम्ही द्यायची, क्षमा तुम्ही करायची," धाकटा म्हणाला. "बरं वाटून घेतलंत काम!"

थोरल्याला हसू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम आले की त्याच्या कपाळावरची शीर फुगायची. त्यानं रंधा उचलला आणि परत ठेवला. त्याच्या मनात एकच चाललं होतं, ताईला काय सांगायचं? आणि धाकट्यानं हात पुसत सांगून टाकलं, "मी ताईला फोन केलाय. निघालीय ती. आता बघू कोण कुणाला पेटी देतं."

ताई त्यांची मधली बहीण. दोघांच्या मधली, पण सगळे तिला ताईच म्हणायचे. हॉस्पिटलात नर्स. त्या दिवशी आईबरोबर तीच होती, एक पाऊल मागं, हातात पिशवी. एकटी तीच साक्षीदार.

.

ताई फाटकातून आत आली ती ड्यूटीच्या कपड्यांवरच. बाळ्या फोनवर नुसता "ये, लगेच ये" एवढंच ओरडला होता, त्यामुळं वाटेत तिचं सगळं कल्पून झालं होतं. दादाचा हात करवतीत गेला. मामांचं हृदय बंद पडलं. वहिनी घसरली. फाटकाशी तिला एक बाई दिसली, कडी धरून उभी, चेहरा पांढराफटक, पाय लटलटत होते.

"अहो, अहो, बसा आधी," ताईनं तिला काखेत धरून बाकावर टेकवलं. मनगट धरलं. नाडी कुठल्या कुठं पळत होती. "सकाळपासून काही पोटात गेलंय का?"

बाईनं मान हलवली.

"साखरेचा त्रास आहे? नाही? मान खाली घाला. गुडघ्यात. अशी. वहिनी! पाणी आण गं, आणि साखर टाक त्यात!"

वहिनी पाणी घेऊन आली, पण तिचा चेहरा बघून ताईला काही कळेना. ताईनं पेला घेतला, बाईच्या तोंडाला लावला, पाठीवरून हात फिरवला. "कोण गेलं तुमचं?"

"नवरा."

"आजारी होते?"

"नाही. झोपेत गेले. उठवायला गेले तर..." बाईनं घोट घेतला. "मी निघत होते. मला माहीत नव्हतं हो हे घर कुणाचं, आतलं बोलणं ऐकलं तेव्हा कळलं. देवाशप्पथ माहीत नव्हतं."

दारात धाकटा उभा होता. "कुणाला पाणी पाजतेयस, विचार की तिला," तो म्हणाला. आणि ताईनं विचारायची वाट न बघता त्यानं ते नाव घेतलं.

ताईचा हात बाईच्या पाठीवर होता. तो तिथंच राहिला, उचलायचं तिला सुचेना. मग उचलला.

"झोपेत?" ती म्हणाली.

ती दोन पावलं मागं सरली.

"झोपेत गेला? माझी आई त्या वळणावर तडफडली. मी तिच्या पोटावर दोन्ही हातांनी दाबून बसले होते, अंगावरचे कपडे भिजले, आणि हा झोपेत गेला? पुढच्या आठवड्यात माझी साक्ष आहे! पाठ करून ठेवलीय मी. वकील म्हणाला, रडायचं नाही, मोजून बोलायचं, तर मी आरशासमोर उभं राहून बोलते रोज. आणि हा मेला?"

"ताई," थोरला बाहेर आला होता. "ताई, आत चल."

"केस संपली ना म्हणजे? आरोपी मेला की संपते ना? मग ते कागदावर तसंच राहणार? की बाई मध्येच धावत आली?"

तीच तर मेख होती. ट्रकवाल्यानं पोलिसात सांगितलं होतं, बाई अचानक मध्ये आली, मी काय करू. ते वाक्य कागदावर चढलं, आणि कोर्टात ताई उभी राहीपर्यंत ते खोडणारं कुणी नव्हतं. शिक्षा होवो न होवो, ताईला त्याची फारशी पडलेली नव्हती. तिला ते एक वाक्य पुसून हवं होतं. आई रस्त्याच्या कडेनं चालली होती. आईनं आयुष्यात कधी धावत रस्ता ओलांडला नाही, ती ट्रकलाच हात दाखवून थांबवणारी बाई.

ताई वळली. "घरी काय सांगायचा तो?"

बाई पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. "तेच. की मध्ये आल्या म्हणून."

"आणि तुम्हाला खरं वाटलं?"

"नवरा होता," बाई म्हणाली. "वाटून घेतलं."

धाकटा शिवी द्यायला तोंड उघडून तसाच राहिला. बाई उठली, पेला बाकावर ठेवला. "येते मी. दुसरीकडं बघते."

"दुसरीकडं कुठं?" वहिनी म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलली. "गावाच्या त्या टोकाला एक दुकान आहे, तो आज मापं घेईल आणि उद्या संध्याकाळी देईल. खड्डा खणलाय म्हणता ना? बसा तिथंच. उठू नका, चक्कर येईल." आणि घरच्यांकडं वळून म्हणाली, "तुम्ही सगळे आत चला. भांडायचंय ना? मग घरात भांडा, अंगणात तमाशा नको."

.

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून पेट्यांना आतून अस्तर शिवायचं काम तिचं. मशीन खिडकीपाशी, सासूचा रंधा समोरच्या बाकावर. चोवीस तास सासूसमोर बसून काढलेली सून. सासूच्या शिव्या जितक्या हिनं खाल्ल्या तितक्या पोटच्या पोरांनी खाल्ल्या नसतील.

सकाळी नाव कळलं तेव्हा वहिनीच्याही मनात पहिलं तेच आलं, जे धाकट्याच्या आलं. फोडा. आत येऊन तिनं अस्तराच्या कापडाचा ताका उचलून कपाटात ठेवून दिला होता. धाकट्याला खूण केली होती, मी तुझ्या बाजूनं. पण मग ताईला त्या बाईची नाडी बघताना तिनं पाहिलं, आणि ताका कपाटात आहे ह्याचीच तिला लाज वाटायला लागली. का, ते तिला धड सांगता आलं नसतं.

आत सगळे अर्धवट पेटीभोवती उभे. ताई पेटीकडं बघत नव्हती.

"मी सांगते ते ऐका," ताई म्हणाली. "ती बाई बिचारी आहे, मान्य. तिला पाणी द्या, जेवायला घाला, गाडीनं घरी सोडा. पण हे नाही. हे मी होऊ देणार नाही. दादा, तू केलंस तर मी परत ह्या दारात पाऊल टाकणार नाही."

"बरोबर," धाकटा म्हणाला.

"तू गप्प. तू केस चालू असताना किती तारखांना आलास?"

"मी गाडी चालवत होतो! घर कोण चालवणार?"

"ताई, बेटा," मामा म्हणाले, "तुझ्या आईचा आदर्श समोर ठेव. रविवारी मी सांगितलं तसं, थोरल्या दिराची पेटी तिनंच केली ना? हसत हसत. ही तुमच्या आईची—"

"खोटं आहे ते," वहिनी म्हणाली.

मामांच्या बोलण्यात मध्ये बोलायची ह्या घरात पद्धत नव्हती, आणि वहिनीला तर नव्हतीच.

"सूनबाई?"

"मामा, माफ करा, पण रविवारी मला चर्चमध्ये उठून ओरडावंसं वाटत होतं. कसली मेणबत्ती? आणि कसलं हसत हसत? मी होते ना तिथं. नवीन नवीन लग्न झालेलं, मशीनवर बसले होते. मोठ्या काकांची पेटी होती. रंधा मारताना एकेका हाताला एकेक शिवी देत होत्या. 'माझी पटाशी गटारात टाकलीस काय रे. माझ्या पोरांना उपाशी ठेवलंस काय.' भुगा उडतोय आणि शिव्या उडतायत. मला वाटलं, रंधा त्यांच्याच पायावर पडणार. आणि बाहेरची बाजू झाली तर पेटी उलटी केली आणि आत रंधा मारायला लागल्या."

"आत?" थोरला म्हणाला. त्याला आठवत होतं, आई पेट्या आतूनही घासायची. का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्यालाही तीच सवय लागली होती एवढंच.

"मी म्हटलं, आई, आत कशाला घासताय? मी अस्तर लावणार, कोण बघतंय? तर माझ्यावरच खेकसल्या. 'गधडे, बघणारा बघतोय. आणि त्याला मी आधीच सांगून ठेवलंय, ह्या माणसाला मी माफ केलेलं नाही. खोटं बोलणार नाही मी तुझ्याशी. माफ करणं तुझं काम, तू कर. माझ्या हातात रंधा आहे, मी रंधा मारते.'"

मशीनच्या चाकावर वहिनीचा हात होता, ते चाक ती उगाच मागं-पुढं करत होती.

"मी विचारलं, मग मनात येईल तेव्हा करा की. तर म्हणाल्या, 'मनात यायची वाट बघत बसले तर हा इथं सडेल.' बस. एवढंच. मग परत शिव्या."

मामा खुर्चीत बसले. धाकटा खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते, आणि हसतोय की काय ते कळत नव्हतं. "हीच," तो म्हणाला शेवटी. "हीच माझी आई. रविवारी दुसऱ्याच कुणाला तरी पुरलं होतं आम्ही."

"मग नंतर?" ताईनं विचारलं. आवाज अजून तसाच कडक. "नंतर केलं माफ?"

"मी विचारलं होतं. खूप वर्षांनी. म्हणाल्या, 'आलं बहुतेक. कधी आलं ते कळलं नाही. नसेल आलं तर वर गेल्यावर बघू.'"

"हे तू वर्षभर का नाही सांगितलंस?"

"मला विचारलंत कुणी?" वहिनी म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "आई गेल्यावर तुम्ही तिघं बसून रडलात, आठवणी काढल्यात. मामांना विचारलं, पाळकांना विचारलं, शेजारच्या चावीवाल्याला सुद्धा विचारलं, आमची आई कशी होती. सुनेला सासूची आठवण विचारतं का कुणी? सून म्हणजे शिव्या खाल्लेली, तिला कसली आठवण! माझ्याइतकी ती बाई तुम्हाला कुणालाच माहीत नव्हती."

थोरला आपल्या बायकोकडं असा बघत राहिला, जसा माणूस आपल्याच घरात नवीन दार सापडल्यावर बघतो.

"म्हणजे काय," ताई म्हणाली. "आईनं केलं म्हणून मी करायचं? मोठ्या काकांनी हत्यारं फेकली होती. ह्यानं आईच मारली. आणि वर तिच्यावरच ढकललं. एकदा आला नाही दारात. एकदा चूक झाली म्हणाला नाही. ज्यानं मागितलीच नाही त्याला कशी द्यायची?"

"मी कुठं म्हणते दे? नको करूस तू. कुणी जबरदस्ती नाही." वहिनीनं कपाट उघडलं, ताका बाहेर काढला, मशीनवर टाकला. "मी अस्तर शिवते. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

आणि तिनं पायडल मारायला सुरुवात केली.

मशीनचा खडखडाट सुरू झाला की ह्या घरात कुणी बोलत नाही, ऐकूच येत नाही. थोरल्यानं झाकण उचलून बाजूला ठेवलं, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूवर रंधा धरला. धाकट्यानं दार असं आपटलं की वरच्या फळीवरचे खिळ्यांचे डबे वाजले. तो बाहेर जाऊन टेम्पोत बसला. कारखान्याचा टेम्पो तोच चालवायचा.

ताई पेटीजवळ एकटी उरली. तिला रंधा येत नव्हता, कधी शिकली नाही, आई म्हणायची तू सुया टोच, हे तुझं काम नव्हे. तिनं बाकावरचा पॉलिश पेपर उचलला. पेटीत वाकली. आतला तळ घासायला लागली. एवढ्या जोरात, की थोरल्यानं दोनदा मान वर करून बघितलं. ती काहीतरी पुटपुटत होती, मशीनच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही, पण तोंड बघून थोरला इतकं सांगू शकला असता की ती सगळी प्रार्थना काही चर्चमध्ये म्हणायच्या लायकीची नव्हती. कोपऱ्यात लाकडाचं एक कुसळ राहिलं होतं, ते तिच्या बोटात घुसलं. तिनं दातांनी उपटून काढलं आणि परत घासायला लागली.

"ताई, पुरे," थोरला म्हणाला. "अस्तर बसेल आता."

"इथं खडबडीत आहे."

"नाही आता."

"मला हाताला लागतंय ना!" ती ओरडली. "मला लागतंय म्हणजे आहे!"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मग परत वाजला. मग धाकट्याचा आवाज आला, "काय चाललंय? पेटी भरायची की मी एकटाच जाऊन येऊ? आधी तिच्या घरून मयत उचलायचं, मग कबरस्तान, रस्त्यात गर्दी लागली तर काय तोंडं बघत बसायचंय?"

"तू नेणार नव्हतास ना?" थोरला खिडकीतून ओरडला.

"मी नेत नाहीये! टेम्पो नेतोय!"

.

कबरस्तानात माणसं कमी होती. बाई, तिचा एक दीर, खड्डा खणणारे दोघं आणि हे घर. मामाही आले होते. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. निघताना जिन्यावरून आवाज आला, "थांबा, मला बूट घालू द्या," आणि ते टेम्पोच्या मागं पेटीशेजारी चढून बसले, गुडघे धरून, वाटभर एक शब्द न बोलता.

पाळक नवीन होते, तरुण, ह्या माणसाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं काय बोलावं ते त्यांना सापडत नव्हतं. प्रार्थना झाली. पेटी दोरांवर उतरली. थोरल्याच्या बाजूचा दोर नीट सरकत होता, धाकट्याच्या बाजूचा धक्के खात होता, आणि धाकटा दातांत बोलत होता, "हळू, हळू, वाकडी जातेय, हळू की रे."

"कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत?" पाळकांनी विचारलं.

दिरानं मान खाली घातली. बाईनं तोंडावर पदर धरला. वारा नव्हता. पलीकडच्या भिंतीवर एक माणूस चुना लावत होता, त्याच्या ब्रशचा आवाज येत होता. कुणीच बोलेना, आणि तेवढी शांतता एखाद्या मेलेल्या माणसाच्या वाट्याला येऊ नये इतकी लांबत गेली.

ताई पुढं झाली.

वहिनीनं तिचा दंड धरला, तो तिनं सोडवून घेतला. खड्ड्याच्या कडेला उभी राहिली. आरशासमोर उभी राहायची तशी, ताठ. मोजून बोलायचं, वकील म्हणाला होता.

"माझी आई मध्ये आली नव्हती," ती म्हणाली.

पाळक गोंधळले. एक पाऊल पुढं आले, आणि मामांनी हात आडवा धरून त्यांना थांबवलं.

"ती कडेनं चालली होती. उजव्या हाताला भिंत होती, भिंतीला लागून. मी तिच्या मागं होते, मी डोळ्यांनी पाहिलं. ट्रक वळणावर आला तो भिंतीपर्यंत आला. माझी आई धावली नाही. ती कधीच धावायची नाही. तिनं ट्रकला हात केला, थांब म्हणून. हा थांबला नाही. नंतर पोलिसांना खोटं बोलला, घरी बायकोला खोटं बोलला." तिचा आवाज फाटला, तिनं थांबून श्वास घेतला, परत सरळ केला. "हे मला कोर्टात सांगायचं होतं. आता कोर्ट नाही. म्हणून इथं सांगते. प्रभू, तू ऐकलंस. ह्यानंही ऐकलं. माझं सांगून झालं."

ती बाईकडं वळली नाही. बाईकडं बघायची तिची हिंमतच होत नव्हती. ती खाली वाकली, मूठभर माती उचलली. माती ओली होती, चिकट, बोटांना लागत होती, आणि मघाच्या कुसळाच्या जखमेत ती झोंबली. तिनं मूठ पेटीवर सोडली. झाकणावर आवाज झाला.



मग बाई पुढं आली. ताईनं अंग चोरून तिला जागा दिली. बाई खड्ड्याच्या कडेला, अगदी ताईला लागून, उभी राहिली. खाली बघत राहिली.

"ऐकलंत का हो," ती नवऱ्याला म्हणाली. "भिंतीला लागून चालल्या होत्या त्या."

आणि वाकून तिनं माती उचलली.